एकच फ्लोट स्विच, दोन एलईडी : एक लागला की दुसरा विझायला हवा

गच्चीवरचा

टाकीत दोन तारांचा रीड फ्लोट स्विच (तरंगत्या चुंबकाने उघड-मीट होणारा) बसवलाय, बाजूने भोक पाडून बसतो तो पांढऱ्या प्लॅस्टिकचा. तिथून स्वयंपाकघरापर्यंत साधारण २५ मीटर टेलिफोनची केबल, खाली १२ व्होल्टचा ॲडॅप्टर. टाकीत जागा असेल तर हिरवा एलईडी, भरली की लाल, एवढंच हवंय. मायक्रोकंट्रोलर, वायफाय, मोबाइलचं ॲप, काही नको.

ब्रेडबोर्डवर (भाग नुसते खोचून सर्किट तपासायची पाटी) आत्ता असं आहे: प्लसपासून १ के (१००० ओहम) रेझिस्टर, मग हिरवा एलईडी, मग स्विच, मग ग्राउंड. हिरवा आणि स्विच जिथे जुळतात तिथून ४७ के ने बीसी५४७ ट्रान्झिस्टरचा बेस. एमिटर ग्राउंडला, कलेक्टरवर लाल एलईडी आणि त्याचा १ के. स्विच मिटला की फक्त हिरवा लागतो, हे बरोबर. स्विच उघडला की लाल लागतो, पण हिरवाही मिणमिणत राहतो. दिवसा कळत नाही, रात्री स्पष्ट दिसतो. एलईडी बदलून पाहिला, तसंच. कुठे चुकतंय?

ओहमकार

एलईडीत दोष नाही, जोडणीत आहे. स्विच उघडा असताना बेसला करंट कुठून मिळतो ते बघा. प्लस, १ के, हिरवा एलईडी, ४७ के, बेस. म्हणजे लाल पेटवायला लागणारा बेस करंट हिरव्यातूनच जातोय. हिशोब: १२ मधून हिरव्याचे साधारण २.६ आणि बेसचे ०.७ वजा केले की ८.७ व्होल्ट उरतात, भागिले ४८ के, म्हणजे सुमारे ०.१८ मिलिअँपिअर. आजकालचे हिरवे एलईडी एवढ्यावरही अंधारात दिसतात. जुने असते तर तक्रारच आली नसती.

उपाय एका रेझिस्टरचा आहे. हिरवा एलईडी आणि त्याचा रेझिस्टर या जोडीला समांतर, प्लसपासून स्विचच्या टोकापर्यंत, १ के चा वेगळा पुलअप (त्या टोकाला प्लसकडे ओढून धरणारा रेझिस्टर) लावा. स्विचच्या त्या टोकाला 'अ' म्हणू. आता बेस करंट पुलअपमधून येतो. तो ०.२४ मिलिअँपिअरच्या आसपास, म्हणजे पुलअपवर जेमतेम पाव व्होल्ट पडतो. पाव व्होल्टावर कुठलाही एलईडी लागत नाही. मिणमिण संपली.

पूर्ण सर्किट असं ठेवा:

हिरवा: प्लस, ३.३ के, एलईडीचा ॲनोड, कॅथोड 'अ' ला.
पुलअप: प्लसपासून 'अ' पर्यंत १ के, अर्ध्या वॅटचा.
फ्लोट स्विच: 'अ' आणि ग्राउंड यांच्यात.
'अ' पासून बेसपर्यंत ४७ के. बेसपासून ग्राउंडपर्यंत १० के.
एमिटर ग्राउंडला.
लाल: प्लस, ३.३ के, ॲनोड, कॅथोड कलेक्टरला.

एलईडीचा १ के काढून ३.३ के का, तर १ के ने ९-१० मिलिअँपिअर जातात, आणि ओट्यासमोर तो एलईडी डोळ्यांत घुसतो. ३.३ के ने लालला ३ आणि हिरव्याला २.७ मिलिअँपिअर मिळतात, इंडिकेटरला भरपूर. शिवाय ट्रान्झिस्टरचं काम हलकं होतं: बेसमध्ये ०.१६ आणि कलेक्टरमध्ये ३, म्हणजे वीसपटीहूनही कमी. बीसी५४७ चा गेन (बेस करंटच्या किती पट कलेक्टर करंट) किमान ११० असतो, त्यामुळे तो आरामात पूर्ण चालू होतो.

बेस ते ग्राउंड १० के चा उपयोग कोणी विचारेलच. स्विचचा संपर्क किंवा एखादा जोड खराब झाला की मिटलेला असतानाही 'अ' शून्यावर येत नाही, अर्धा-पाऊण व्होल्टावर अडकतो. १० के नसेल तर तेवढ्यावरच ट्रान्झिस्टर किंचित चालू होतो आणि लाल मिणमिणायला लागतो. १० के लावला की 'अ' जवळपास साडेतीन व्होल्टावर गेल्याशिवाय लाल जागा होत नाही. तीनशे ओहमपर्यंतचा खराब संपर्कही खपून जातो. २५ मीटर केबलचा जाऊन-येऊन विरोध चार-पाच ओहम, तो तर विसराच.

खटपट्या

+१. फक्त रंगपट्ट्या नीट बघा. १ के म्हणजे तपकिरी-काळा-लाल, १० के म्हणजे तपकिरी-काळा-नारिंगी. पिवळ्या बल्बखाली लाल आणि नारिंगी एकच दिसतात. पुलअपच्या जागी १० के गेला तर सर्किट चालेल, पण त्यावर जवळपास दोन व्होल्ट पडतील, आणि जुन्या पोपटी हिरव्या एलईडीला तेवढे मिणमिणायला पुरतात. मग म्हणाल, सांगितलेलं सगळं केलं तरी तेच. लावण्याआधी प्रत्येक रेझिस्टर मीटरवर मोजा.

आणि ट्रान्झिस्टरचे पाय. बीसी५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली: डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. तशाच काळ्या डोक्याच्या २एन२२२२ मध्ये बहुतेक वेळा उलट, एमिटर, बेस, कलेक्टर. दुकानात बीसी५४७ आणि बीसी५५७ चे डबे शेजारी असतात, ५५७ पीएनपी म्हणजे उलट्या पोलॅरिटीचा आहे, इथे चालणार नाही. अंगावरचा आकडा भिंगातून वाचूनच घ्या.

तीनफेज

सर्किट ठीक. पण डाग (सोल्डर) देण्याआधी एक प्रश्न सोडवा, तो इथे कोणी विचारलेला नाही: केबल तुटली तर कुठला दिवा लागायला हवा?

गच्चीवरची केबल उन्हाने तडकते, उंदीर कुरतडतात, शिडी टेकवताना कोणीतरी ओढतं. शॉर्ट क्वचित होते, तुटते हमखास. तुटणं म्हणजे स्विच उघडल्यासारखंच. ओहमकारांच्या सर्किटमध्ये उघडा म्हणजे लाल, म्हणजे 'टाकी भरली, मोटर बंद करा'. हे बरोबर आहे. तुटली तर तुम्ही मोटर बंद कराल, नळाला पाणी कमी आलं की वर जाऊन बघाल. उलटी जोडणी असती तर तुटलेली केबल 'जागा आहे, भरू द्या' असं सांगत राहिली असती आणि पाणी गच्चीवरून जिन्यात आलं असतं.

म्हणून फ्लोट असा हवा की टाकी भरलेली नसताना संपर्क मिटलेला, पाणी चढलं की उघडा. बाजूने बसणारा स्विच १८० अंशात फिरवला की त्याचं वागणं उलटतं. उभ्या दांडीचा असेल तर तरंगता तुकडा काढून उलटा घालायचा, त्यातलं चुंबक एका टोकाकडे असतं. टाकीत बसवण्याआधी हातात धरून मीटरच्या बीपवर खात्री करा. नट घट्ट केल्यावर कळलं तर पुन्हा टाकीत उतरायला लागतं.

दोन एलईडी का हवेत त्याचं उत्तरही यातच आहे. एकच असता तर विझलेला दिवा म्हणजे टाकी भरली, वीज गेली की ॲडॅप्टर मेला, हे कळलं नसतं. इथे दोन्ही बंद याचा अर्थ एकच: सर्किटला वीज नाही. दोन्ही चालू दिसले तर वरच्या जोडात काहीतरी गडबड.

गच्चीवरचा

पुलअप लावला, मिणमिण पूर्ण गेली. फ्लोटची दिशा तपासली, सध्या उलटी आहे, फिरवतो. दोन शंका. एक, ॲडॅप्टरवर १२ व्होल्ट लिहिलंय पण मीटरवर १६.८ येतात, चालेल का? दोन, हिरवा लालपेक्षा फारच झगझगीत आहे, रेझिस्टर सारखेच असूनही.

ओहमकार

१६.८ म्हणजे आत ट्रान्सफॉर्मर असलेला जड, जुना ॲडॅप्टर. लोड नसताना त्याचे व्होल्ट चढलेलेच असतात, आणि आपलं सर्किट १५ मिलिअँपिअरच्या आसपास ओढतं, म्हणजे त्याच्या दृष्टीने लोड नाहीच. चालेल. पण १ के पुलअपवर स्विच मिटलेला असताना १६.८ वर्ग भागिले १०००, म्हणजे ०.२८ वॅट जळतात. पाव वॅटचा रेझिस्टर सतत गरम राहून काळा पडेल. म्हणून आधीच अर्ध्या वॅटचा सांगितला. हलका, एसएमपीएस ॲडॅप्टर घेतलात तर १२ च्या आसपास स्थिर मिळतील आणि ०.१४ वॅटवर भागेल.

हिरव्याचं म्हणाल तर तो नव्या जातीचा, पाण्यासारख्या पारदर्शक काचेचा असणार. त्याच करंटवर तो लालच्या कितीतरी पट उजळ दिसतो, त्यात माणसाचा डोळाही हिरव्याला जास्त दाद देतो. हिरव्याचा ३.३ के काढून १० के लावा, लालचा तसाच ठेवा. तरी जास्त वाटला तर २२ के. यात बिघडत काही नाही, कारण बेस करंट आता एलईडीतून येतच नाही. दुधी काचेचे एलईडी मिळाले तर तेच घ्या, बाजूनेही दिसतात.

वनएन४१४८

ट्रान्झिस्टरशिवायही होतं हे. रेझिस्टर एक, एलईडी दोन, साधे डायोड तीन.

प्लसपासून ३.३ के, पुढे एक बिंदू. त्या बिंदूपासून ग्राउंडपर्यंत लाल एलईडी, त्याच्या ओळीत १एन४१४८ चे तीन डायोड. त्याच बिंदूपासून हिरवा एलईडी, त्याच्या ओळीत फ्लोट स्विच, मग ग्राउंड. स्विच उघडा असताना करंटला एकच वाट, लालची: १.९ अधिक तीन डायोडचे मिळून साधारण २, म्हणजे बिंदू ३.९ व्होल्टावर. स्विच मिटला की हिरवा बिंदूला ३ व्होल्टावर ओढतो. लालच्या वाटेला ३.९ हवेत, मिळतात ३. विझला.

मुद्दा एवढाच की दोन वाटांमध्ये किमान पाऊण व्होल्टाचा फरक पाहिजे. फक्त दोन डायोड घातले तर लालची वाट ३.२ ची होते आणि दोन्ही अर्धवट पेटतात. हिरवा जुन्या जातीचा, पोपटी छटेचा असेल तर त्याला २.१ च लागतात, फरक आणखी वाढतो. कुठला आहे ते मीटरच्या डायोड रेंजवर कळतं: पोपटी हिरवा १.८ च्या आसपास आकडा दाखवतो आणि मंद पेटतो. नवा हिरवा स्वस्त मीटरवर बहुधा काहीच दाखवत नाही, त्या रेंजवर मीटरकडे तेवढे व्होल्टच नसतात. 'एलईडी मेलेला आहे' म्हणून फेकू नका.

तीनफेज

सुंदर आहे, पण घराबाहेरच्या केबलवर मी हे लावणार नाही. पावसाळ्यात जोडात ओल शिरली आणि १० के ची गळती झाली की हिरव्याला जवळपास ०.१ मिलिअँपिअर मिळतो, तो मिणमिणणार. पुन्हा मूळ तक्रारीवर. १ के पुलअपच्या सर्किटमध्ये त्याच १० के गळतीने 'अ' फक्त व्होल्टभर खाली येतो, हिरव्याला काहीच कळत नाही. घरातल्या घरात, फूटभर तारेवर मात्र डायोडवालं झकास.

वनएन४१४८

मान्य. पॅनेलच्या आतलं काम असेल तेव्हाचं आहे ते.

कोरा_पीसीबी

गळतीचा विषय निघालाच आहे तर पुढचंही बोलू. ओलसर जोडावर कायम डीसी व्होल्ट राहिले की प्लसकडची तार खाल्ली जाते. तांबं हिरवं पडतं, मग भुगा होतो. ओहमकारांच्या सर्किटमध्ये टाकी भरलेली असताना केबलच्या दोन तारांमध्ये १२ व्होल्ट उभे असतात. हे कमी करायचं असेल तर एलईडी ओळीत न ठेवता लाल स्विचला आणि हिरवा ट्रान्झिस्टरला समांतर ठेवा:

प्लसपासून १ के ने 'अ'. 'अ' पासून लाल एलईडी ग्राउंडला. फ्लोट स्विचही 'अ' ते ग्राउंड, म्हणजे लालला समांतर. 'अ' पासून ४.७ के ने बीसी५४७ चा बेस, एमिटर ग्राउंडला. प्लसपासून ३.३ के ने कलेक्टर, आणि कलेक्टरपासून हिरवा एलईडी ग्राउंडला.

स्विच उघडा: लाल लागतो, 'अ' १.९ व्होल्टावर, ट्रान्झिस्टर चालू, तो हिरव्याला शॉर्ट करून विझवतो. स्विच मिटला: लाल शॉर्ट, बेस शून्यावर, ट्रान्झिस्टर बंद, हिरवा लागतो. केबल तुटली तर लाल, म्हणजे तीनफेज यांची अटही पाळली. केबलवर जास्तीत जास्त १.९ व्होल्ट. भागही कमी: तीन रेझिस्टर, एक ट्रान्झिस्टर.

लालमध्ये १० मिलिअँपिअर जातील, जरा जास्त उजळ होईल. भडक वाटला तर १ के चा २.२ के करा.

ओहमकार

छान आहे, आणि रीड स्विचसाठी हेच जास्त योग्य म्हणेन. काचेत बंद असलेल्या रीडच्या संपर्काला हवा लागत नाही, म्हणून १.९ व्होल्टही निमूट चालतात.

पण वाचणाऱ्यांपैकी अनेकांकडे दुसरा फ्लोट असेल, केबलला लटकणारा, पेरूएवढा. त्यात मायक्रोस्विच असतो, मोटरच्या अँपिअरसाठी बनवलेला. त्याच्या चांदीच्या संपर्कावर पातळ थर साचतो. मोटर चालवताना ठिणगीने तो जळून साफ होतो, एलईडीच्या २-३ मिलिअँपिअरला तो फुटत नाही. सहा महिने चालतो, मग मिटलेला असूनही मिटला नाही असं वागतो. तिथे १२ व्होल्ट आणि १२-१५ मिलिअँपिअर दिलेले बरे. पुलअप १ के ठेवण्यामागे गळतीइतकंच हेही कारण आहे. तेव्हा रीड असेल तर कोरा_पीसीबी यांचं, लटकणारा असेल तर माझं वरचं.

कोरा_पीसीबी, तुमच्या सर्किटला आणखी एक मर्यादा: ट्रान्झिस्टर अर्ध्या व्होल्टाला जागा व्हायला लागतो, म्हणजे जोडात ४०-५० ओहम आले की हिरवा मंद होणार. बेस ते ग्राउंड १० के टाकलात तर ७०-७५ ओहमपर्यंत सवलत मिळते. जोड नीट असतील तर प्रश्न नाही.

पाणीपट्टी

लटकणाऱ्या फ्लोटला तीन तारा असतात ना? एक सामाईक, दोन आळीपाळीने जुळणाऱ्या. मग ट्रान्झिस्टर कशाला?

खटपट्या

बरोबर, मग काहीच लागत नाही. सामाईक तार ग्राउंडला, बाकी दोन तारा एकेका एलईडीच्या कॅथोडला, दोन्ही ॲनोड एकत्र करून प्लसपासून एकच १ के. एका वेळी एकच लागणार असल्याने रेझिस्टर वाटून घेता येतो. मधल्या क्षणी दोन्ही विझतात, हरकत नाही. फक्त केबलमध्ये तीन तारा हव्यात, आणि केबल पूर्ण तुटली तर दोन्ही दिवे जातात, जे वीज गेल्यासारखंच दिसतं.

तारांचे रंग कंपनीगणिक बदलतात, रंगावर विसंबू नका. फ्लोट वर धरून आणि खाली सोडून बीपवर तिन्ही जोड्या तपासा. जी जोडी कुठल्याच स्थितीत वाजत नाही, ती सोडून उरलेली तार सामाईक.

एक धोक्याची गोष्ट ठळक लिहितो: तो फ्लोट आधीच मोटरच्या २३० व्होल्टवर असेल तर त्याच संपर्काला हे सर्किट जोडायचं नाही. 'उरलेली तिसरी तार रिकामीच आहे' म्हणून एलईडी लावणारे असतात. सामाईक तार २३० वर असते, मग तुमचं ग्राउंड, ॲडॅप्टर, एलईडीचे पाय, सगळंच फेजवर. इंडिकेटरसाठी वेगळा फ्लोट आणि केबलही वेगळ्या पाइपमधून.

गच्चीवरचा

माझा रीडच आहे, कोरा_पीसीबी यांचं सर्किट लावून पाहिलं, मस्त चालतंय. आता वेगळीच गोष्ट: पाणी भरत असताना शेवटच्या टप्प्यात दोन्ही दिवे आलटून पालटून फडफडतात. पाइपचं पाणी वरून पडतं, लाटा उठतात. बेसवर कपॅसिटर लावला तर जाईल का?

कोरा_पीसीबी

बेसवर लावून उपयोग नाही. लाल थेट स्विचवर आहे, ट्रान्झिस्टरवर नाही. बेसवर १०० मायक्रोफॅरड लावलात तर हिरवा उशिरा प्रतिसाद देईल आणि लाल फडफडतच राहील, वर मध्ये दोन्ही एकदम लागलेले दिसतील. 'अ' वर मोठा कपॅसिटर लावला तर स्विच मिटताना तो सगळा चार्ज रीडच्या संपर्कातून एका झटक्यात जातो. रीडचे संपर्क असल्या झटक्यांनी चिकटतात, आणि चिकटलेला रीड म्हणजे कायम हिरवा. नकोच.

तीनफेज

लाटेवरचा उपाय टाकीतच करायचा. तीन किंवा चार इंची पीव्हीसी पाइपचा फूटभर तुकडा फ्लोटभोवती उभा बसवा, खालचं आणि वरचं तोंड उघडं. बाजूने बसणाऱ्या स्विचसाठी पाइपला खाच कापावी लागेल. आतली पातळी बाहेरच्याबरोबरच चढते, पण लाट आत येत नाही. तरंगता तुकडा पाइपला घासणार नाही एवढी जागा चहूबाजूंनी ठेवा. आणि पाणी पडायच्या तोंडाला एल्बो लावून धार टाकीच्या भिंतीवर सोडा, निम्म्या लाटा तिथेच जातील.

पाणीपट्टी

लाल लागल्यावर बझरही वाजवायचा असेल तर?

ओहमकार

पहिल्या सर्किटमध्ये सोपं आहे, कारण तिथे लाल ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर आहे. १२ व्होल्टचा, आत ऑसिलेटर असलेला पिझो बझर प्लस आणि कलेक्टर यांच्यात लावा, बझरचा प्लस प्लसकडे. तो १०-२० मिलिअँपिअर घेतो, म्हणून बेसचा ४७ के काढून १० के लावा. बेस करंट ०.९५ च्या आसपास होतो. पुलअपवर व्होल्टभर पडतो, तरीही हिरवा लागत नाही. बदल्यात खराब संपर्काची सवलत तीनशे ओहमवरून शंभरच्या आसपास येते. बझरच्या ओळीत एक छोटा स्विच द्या, नाहीतर पहाटे पाणी आलं की सगळी बिल्डिंग जागी.

कोरा_पीसीबी यांच्या सर्किटमध्ये लाल थेट स्विचवर आहे, तिथे बझर असा जोडता येणार नाही. दुसरा ट्रान्झिस्टर लागेल: त्याचाही बेस 'अ' पासून ४.७ के ने, एमिटर ग्राउंडला, प्लस आणि कलेक्टर यांच्यात बझर. बेसमध्ये पाव मिलिअँपिअर जातो, बीसी५४७ बी घेतलात तर गेन किमान २००, पुरेल.

झिरो_ओहम

दोन वेगळ्या एलईडींऐवजी एकाच डोक्यातला लाल-हिरवा लावता येईल का? पॅनेलला एकच भोक पडेल.

कोरा_पीसीबी

तीन पायांचा लागेल. दोन पायांच्या लाल-हिरव्यात एलईडी एकमेकांना उलटे जोडलेले असतात, त्यांचा रंग बदलायला पोलॅरिटी उलटवावी लागते, इथे ते होत नाही.

तीन पायांत कॉमन कॅथोड आणि कॉमन ॲनोड असे दोन प्रकार. ओहमकारांच्या सर्किटमध्ये दोघांचे कॅथोड वेगळे असतात आणि ॲनोड प्लसकडे, म्हणून तिथे कॉमन ॲनोड घ्या, मधला पाय प्लसला आणि दोन्ही ३.३ के कॅथोडच्या बाजूला. माझ्या सर्किटमध्ये दोन्ही कॅथोड ग्राउंडला, म्हणून कॉमन कॅथोड. विकत घेताना हाच सहसा मिळतो. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलात तर 'लाल-हिरवा तीन पाय' एवढंच सांगू नका, कॉमन कुठला ते सांगा. दुकानातच मीटरच्या डायोड रेंजवर बघता येतं: काळी तार मधल्या पायाला, लाल तार बाजूच्या पायाला, एलईडी लागला तर कॉमन कॅथोड. लालच्या पायावरच तपासा, हिरवा मीटरवर दिसेल याची खात्री नाही.

एक तोटा: दोन्ही एकदम लागले तर पिवळट दिसतं. एकाच डोक्यातून बिघाड ओळखायचा तर घरातल्यांना 'पिवळा म्हणजे वर जाऊन बघा' हे सांगून ठेवावं लागेल.

गच्चीवरचा

झिरो पीसीबीवर (भोकं पाडलेला तयार बोर्ड) डाग द्यायला घेतो. डाग दिल्यावर काय काय मोजून बघायचं, आणि वरचा जोड कसा बंद करायचा?

ओहमकार

मीटरची काळी तार ग्राउंडला ठेवून. तुम्ही लावलेल्या सर्किटसाठी, एसएमपीएस ॲडॅप्टरवर: स्विच उघडा, 'अ' वर १.८ ते २.१, बेसवर ०.६५ ते ०.७५, कलेक्टरवर ०.२ च्या आत. स्विच मिटलेला, 'अ' वर ०.१ च्या आत, बेस जवळपास शून्य, कलेक्टरवर हिरव्याचे ३ च्या आसपास (पोपटी असेल तर २.१).

उघड्या स्थितीत 'अ' वर १० च्या आसपास दिसले तर लाल उलटा लागलाय किंवा त्याचा डाग कच्चा आहे. उलटा असेल तर लगेच वीज काढा, बहुतेक एलईडी उलट दिशेने ५ व्होल्टपर्यंतचेच असतात. लांब पाय ॲनोड. पाय कापून झाले असतील तर कडेची सपाट बाजू कॅथोडची. कलेक्टर दोन्ही स्थितींत शून्याजवळ राहिला तर ट्रान्झिस्टर मेला किंवा झिरो पीसीबीवर शेजारच्या दोन बिंदूंमध्ये डागाचा पूल झाला, भिंगाने बघा. स्विचच्या जागी तारेचा तुकडा लावून आधी टेबलावरच दोन्ही स्थिती तपासा, मगच केबल जोडा.

तीनफेज

जोड. नुसती इन्सुलेशन टेप गुंडाळायची नाही, गच्चीवर एका उन्हाळ्यात तिचा गोंद वितळतो आणि पावसाळ्यात टेप आतून ओली राहते. तारा पिळून डाग द्या. आतून गोंद असलेली हीट श्रिंक प्रत्येक तारेवर वेगळी, दोन तारांचे जोड इंचभर मागेपुढे, मग दोन्हींवर मिळून मोठी श्रिंक. ती मिळाली नाही तर जेल भरलेले टेलिफोनचे दाबून बसवायचे कनेक्टर वापरा, त्यांना डागही लागत नाही. सगळं एका छोट्या जंक्शन बॉक्समध्ये, टाकीच्या झाकणाखालच्या वाफेपासून दूर, भिंतीवर. केबल बॉक्समध्ये खालूनच शिरली पाहिजे, आणि शिरण्याआधी तिला खाली एक वळसा द्या, म्हणजे केबलवरून ओघळणारं पाणी वळशाच्या तळाशी गळून पडेल. बॉक्सच्या तळाला ३ मिलिमीटरचं एक भोक ठेवा, आत साचलेला दमटपणा बाहेर जायला.